सीट बुक झाली का? ऑफिसची रचना, 'रिटर्न टू ऑफिस' आणि नोकरी सोडणारी माणसं

रविवारी रात्री नऊ वाजता माझ्या फोनवर अलार्म वाजतो. सोमवारी लवकर उठायचंय म्हणून नाही, तर बुधवारची सीट बुक करायची असते म्हणून. आमच्या ऑफिसचं सीट बुकिंग ॲप तीन दिवस आधी उघडतं आणि मग तत्काळचं तिकीट काढताना जशी बोटं तयार ठेवावी लागतात, अगदी तसं. खिडकीजवळच्या सीट्स दोन मिनिटांत संपतात. उशीर झाला की उरते ती वॉशरूमच्या दाराजवळची खुर्ची, नाहीतर थेट दुसऱ्या मजल्यावरची.

मग बुधवार उजाडतो. सिंहगड रोडवरून निघून वाकडचा पूल पार करत सव्वा-दीड तासाने मी हिंजवडीत पोचतो. मी चौथ्या मजल्यावर, आमची टेस्टर दुसऱ्यावर, मॅनेजर सातव्यावर. साडेदहाला स्टँडअप. सगळे एकाच इमारतीत आणि सगळे कानात हेडफोन घालून व्हिडिओ कॉलवर. एकदा तर कॉलवरून आवाज आला, "अरे, तुझा आवाज इको होतोय." बोलणारा माझ्या मागच्याच रांगेत बसला होता. तो तिथे आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

तुम्ही आयटीत असाल तर हे वाचून हसला असाल. कॉलेजात असाल तर लवकरच अनुभवाल. पण प्रश्न गंमतीचा नाहीये. एवढा प्रवास करून घडतंय तेच, जे घरून घडलं असतं. मग ऑफिस नेमकं कशासाठी आहे?

बातमी काय आहे?

गेल्या दोन-तीन वर्षांत 'परत या' हा आदेश जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीने दिला. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं आणि २ जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सक्तीचं केलं. टीसीएसने २०२३ च्या ऑक्टोबरपासूनच पाच दिवसांचा नियम लावला. पुढे २०२४ मध्ये तिमाहीचा व्हेरिएबल पे हजेरीला जोडला, म्हणजे हजेरी ६० टक्क्यांच्या खाली गेली तर तो पे शून्य. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून ठरावीक लेव्हलपर्यंतच्या कर्मचाऱ्यांना महिन्यातून किमान दहा दिवस यायला सांगितलं.

कारणं सगळीकडे साधारण सारखीच दिली जातात: कल्चर, कोलॅबरेशन, क्रिएटिव्हिटी. सोशल मीडियावर भांडणही ठरलेलं. एक बाजू म्हणते, ऑफिसशिवाय माणूस शिकत नाही. दुसरी म्हणते, ट्रॅफिकमध्ये आयुष्य जातंय. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू बरोबर आहेत, पण चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. 'घर की ऑफिस?' यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे, 'कसलं ऑफिस, आणि तिथे माझ्या जागेवर हुकूम कुणाचा?'

त्याच ॲमेझॉनच्या घोषणेत एक ओळ होती जिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. पूर्वी जिथे ठरलेली डेस्क होती, त्या ठिकाणी ती परत देणार, असं कंपनीने सांगितलं होतं. पाच दिवस बोलवायचं तर माणसाला स्वतःची जागा द्यावी लागते, हे त्यांनाही कळत होतं.

ऑफिस म्हणजे एक इंटरफेस

ॲप डिझाइनमध्ये एक साधी गोष्ट शिकवतात. बहुतेक लोक सेटिंग्ज बदलत नाहीत. डिफॉल्ट जे असेल तेच वापरतात. ऑफिसची इमारतही तशीच काम करते. कोण कुणाच्या शेजारी, चहाचं मशीन कुठे, दोन टीमच्या मध्ये किती जिने, या सगळ्या डिफॉल्ट सेटिंग्ज आहेत. कल्चर कसं असावं यावर एचआरने कितीही मेल पाठवले, तरी माणसं डिफॉल्टप्रमाणेच वागतात.

एमआयटीतले प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी संशोधन प्रयोगशाळांमध्ये हेच मोजलं. दोन इंजिनिअरच्या डेस्कमधलं अंतर आणि ते आठवड्यातून एकदा तरी कामाबद्दल बोलतात का, याचा त्यांनी आलेख काढला. १९७७ मध्ये त्यावर पुस्तक आलं आणि त्या आलेखाला 'ॲलन कर्व्ह' हे नाव पडलं. सुरुवातीच्या काही मीटरमध्येच आलेख कड्यासारखा खाली येतो. साधारण ५० मीटरच्या पुढे गेलं की बोलणं इतकं दुर्मीळ होतं की अंतर आणखी किती वाढलं याने फारसा फरक पडत नाही. दुसरी इमारत काय आणि दुसरं गाव काय, सारखंच.

तुम्ही म्हणाल, तेव्हा चॅट नव्हतं. पण आपला फोनच बघा ना. तुम्ही सगळ्यात जास्त मेसेज कुणाला करता? बहुतेक वेळा त्यालाच, जो तुम्हाला रोज भेटतो. जवळ असलेल्या माणसांशी आपण फोनवरही जास्त बोलतो, हे पुढे ॲलन यांनीही नोंदवलं.

याचा परिणाम थेट कोडमध्ये उतरतो. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलेलं एक निरीक्षण आज 'कॉनवेज लॉ' म्हणून ओळखलं जातं: संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच रचनेचं सॉफ्टवेअर ती बनवतात. आमच्याकडे पेमेंटची टीम एका टोकाला आणि नोटिफिकेशनची टीम दुसऱ्या. दोघांनीही 'मेसेज गेला नाही तर पुन्हा पाठव' हे लॉजिक आपापलं लिहिलं. ग्राहकाला एकाच व्यवहाराचे दोन-दोन एसएमएस जायला लागले. बग शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. दोन्ही टीम एका चहाच्या मशीनवर येत असत्या, तर तो बग बहुधा जन्मालाच आला नसता.

भिंती पाडल्या, पण बोलणं वाढलं का?

मग सोपं आहे, सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवा! इतिहासात नेमकं हेच घडलं, आणि नेमकं उलटं फळ मिळालं.

आधी क्युबिकलची गोष्ट. रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या डिझायनरने हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी १९६४ मध्ये 'ॲक्शन ऑफिस' आणलं आणि १९६८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती. कल्पना छान होती. हलवता येणाऱ्या भिंती, उभं राहून काम करता येईल अशी टेबलं, प्रत्येकाने आपल्या कामाप्रमाणे आपली जागा जुळवून घ्यायची. कंपन्यांनी त्यातला स्वस्त भाग तेवढा उचलला. त्याच भिंती ९० अंशात लावून छोटे छोटे डबे केले. माणसाला मोकळीक देण्यासाठी केलेल्या डिझाइनमधून त्याला कोंबण्याचं डिझाइन निघालं. शेवटी शेवटी खुद्द प्रॉप्स्टच त्यावर टीका करत होते.

मग डब्यांचा कंटाळा आला आणि ओपन ऑफिस आलं. भिंती नाहीत, लांबच लांब टेबलं, कोपऱ्यात बीन बॅग. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये याची परीक्षा घेतली. क्युबिकलमधून ओपन ऑफिसमध्ये जाणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्यांमध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सरचे बॅज अडकवले. कोण कुणासमोर उभं राहून बोलतंय हे त्या बॅजमधून कळायचं. भिंती पडल्यावर समोरासमोरचं बोलणं वाढायला हवं होतं. ते सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, आणि ईमेल वाढले.

असं का? लोकल ट्रेनच्या डब्यात बघा. दाटीवाटीने उभे असलेले लोक एकमेकांशी गप्पा मारत नाहीत, कानात इअरफोन घालतात. भिंत नसली की माणूस स्वतःभोवती भिंत उभी करतो. ऑफिसमधला मोठा हेडफोन म्हणजे तीच भिंत. शिवाय मॅनेजर मागून बघतोय म्हटल्यावर शेजाऱ्याला शंका विचारतानाही आपण दोनदा विचार करतो.

दंतकथा झालेल्या तीन इमारती

क्रिएटिव्हिटीचा विषय निघाला की तीन इमारतींची नावं हमखास येतात.

पहिली, न्यू जर्सीतली बेल लॅब्जची मरे हिल इमारत. १९४० च्या दशकात उभी राहिलेली. तिच्यात मुद्दाम इतके लांब कॉरिडॉर ठेवले होते की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना वाटेत कुणीतरी भेटणारच. भौतिकशास्त्रज्ञ, केमिस्ट, धातुतज्ज्ञ सगळे एकत्र. १९४७ च्या डिसेंबरमध्ये ट्रान्झिस्टर याच इमारतीत जन्माला आला. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आज असे अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत.

दुसरी, एमआयटीची 'बिल्डिंग २०'. १९४३ मध्ये महायुद्धातल्या रडार संशोधनासाठी घाईघाईत बांधलेली लाकडी इमारत. युद्ध संपलं की पाडायची होती. पाडली १९९८ मध्ये. दिसायला गोडाऊनसारखी, उन्हाळ्यात तापणारी, थंडीत गारठणारी. पण नोम चॉम्स्की यांचं भाषाशास्त्र तिथे वाढलं, अमर बोस यांनी तिथे काम केलं, आणि सुरुवातीच्या हॅकर मंडळींचा अड्डा असलेला मॉडेल रेल्वेचा क्लब तिथेच होता. एका शास्त्रज्ञाला ॲटॉमिक क्लॉकसाठी उंच जागा हवी होती, तर त्याने वरचे मजले सरळ फोडले. इमारत तात्पुरती असल्यामुळे कुणाची परवानगी मागायची गरजच पडायची नाही.

तिसरी, २००० मध्ये उघडलेली कॅलिफोर्नियातली पिक्सारची इमारत. स्टीव्ह जॉब्स यांनी मध्ये एक प्रचंड अंगण ठेवलं. कॅफेटेरिया, टपालपेट्या सगळं तिथे. सगळ्या इमारतीची टॉयलेट्ससुद्धा फक्त तिथेच ठेवायची, असा त्यांचा हट्ट होता. लोकांनी विरोध केला, तेव्हा तो सोडावा लागला.

या गोष्टी ऐकून जगभरातल्या कंपन्यांनी अंगणं बांधली, कॅफे बांधले. पण गोष्टीचा अर्धाच भाग कॉपी झाला. बेल लॅब्जच्या त्या लांब कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना खोल्या होत्या, ज्यात जाऊन माणूस तासन् तास एकटा काम करू शकत होता. पिक्सारच्या ॲनिमेटर मंडळींनी आपापल्या जागा झोपड्यांसारख्या सजवल्या आणि कुणी अडवलं नाही. बिल्डिंग २० मध्ये तर भिंतीला भोक पाडून वायर ओढणं ही रोजची बाब होती. तिन्ही ठिकाणी दोन गोष्टी जोडीने होत्या: सहज होणाऱ्या भेटी आणि हक्काचा स्वतःचा कोपरा. कंपन्यांनी भेटींसाठी जागा बांधल्या आणि कोपरा काढून घेतला. कोपऱ्याला चौरस फुटाचं भाडं लागतं ना!

आपल्याकडे पिक्सारच्या अंगणाचं काम टपरी करते. हिंजवडी असो, खराडी असो की नवी मुंबईतलं ऐरोली, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जेवढे प्रश्न सुटतात तेवढे मीटिंग रूममध्ये सुटत नाहीत. तिथे सीट बुक करावी लागत नाही, आणि डायरेक्टरही कटिंग घेऊन उभा असतो. पण टपरीलाही डिफॉल्ट आहे. तिथल्या घोळक्यात मुली कमी दिसतात, सिगरेट न ओढणारे कमी दिसतात, नवीन माणूस तर दिसतच नाही. मोठे निर्णय तिथे होत असतील, तर जे तिथे नाहीत ते आपोआप बाहेर राहतात. इमारतीने जे काम करायला हवं ते टपरीवर सोडलं की असं होतं.

हॉट डेस्क: जुनाच प्रयोग, नवं ॲप

रोज वेगळी सीट, म्हणजे हॉट डेस्किंग, हे कोविडनंतर आलं असं आपल्याला वाटतं. पण १९९० च्या दशकाच्या मध्यावर शायट-डे या अमेरिकन जाहिरात कंपनीने हे करून पाहिलं होतं. मालक जे शायट यांनी लॉस एंजेलिसच्या ऑफिसमधली डेस्क काढून टाकली. सकाळी यायचं, काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा, जागा मिळेल तिथे बसायचं. सामान ठेवायला शाळेसारखे लॉकर.

झालं काय? लोक लॅपटॉप आधीच ताब्यात घेऊन लपवायला लागले. गाडीच्या डिकीत फायली ठेवायला लागले. एक बाई तर लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाडीवर आपलं सामान लादून ऑफिसभर ओढत फिरायची. थोड्याच वर्षांत कंपनीने तो प्रयोग गुंडाळला.

आज तोच प्रयोग ॲपच्या रूपाने परत आलाय. हायब्रिडमुळे रोज सगळे येत नाहीत, मग कंपनी माणसांपेक्षा कमी सीट्स ठेवते. हिशेब म्हणून चूक नाही. पण सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर आपण मेमरी वाचवली आणि प्रत्येक रिक्वेस्टची लेटन्सी वाढवली. रोज सकाळी मॉनिटर जोडा, खुर्चीची उंची लावा, टीम कुठे बसलीय ते चॅटवर विचारा. हा खर्च कुठल्याच बॅलन्स शीटवर दिसत नाही, कारण तो कर्मचाऱ्याच्या वेळेतून जातो.

सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं?

नवीन लागलेल्यांचं. म्हणजे कदाचित तुमचं.

नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅले या तीन अर्थतज्ज्ञांनी एका बड्या कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास केला. काही टीम पूर्ण एकाच इमारतीत होत्या, काही दोन इमारतींत विभागलेल्या. कोविडच्या आधी एकत्र बसणाऱ्या इंजिनिअरांना त्यांच्या कोडवर जवळपास २० टक्के जास्त कॉमेंट मिळत होत्या. ऑफिस बंद झाल्यावर हा फरक बहुतांशी पुसला गेला. सगळ्यात जास्त फायदा होता तरुण इंजिनिअरांना आणि महिलांना. आणि एक जण जरी दुसऱ्या इमारतीत असला, तरी उरलेल्यांमधला आपसातला फीडबॅकही कमी व्हायचा. कारण मग सगळ्याच मीटिंग ऑनलाइन होतात. आमची साडेदहाची स्टँडअप आठवा.

पण याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष कुणी सांगत नाही. जवळ बसल्यामुळे सीनिअर लोकांचं स्वतःचं कोडिंग कमी झालं. शिकवण्यात वेळ जातो. म्हणजे ज्युनिअरची प्रगती सीनिअरच्या वेळेतून होते. कंपनी अप्रेझलमध्ये फक्त स्वतः केलेलं काम मोजत असेल, तर सीनिअर माणूस मोठा हेडफोन घालणारच.

मी घातला होता. आमच्या टीममध्ये एक मुलगी फ्रेशर म्हणून आली होती. कॅम्पसमधून निवडलेली, हुशार. हॉट डेस्कमुळे आम्ही कधी शेजारी बसलोच नाही. तिचं कोड माझ्याकडे रिव्ह्यूला यायचं आणि मी बहुतेक वेळा 'एलजीटीएम' लिहून मोकळा व्हायचो, म्हणजे 'ठीक दिसतंय'. अकरा महिन्यांनी तिचा निरोपाचा मेल आला, तो मी बसमध्ये फोनवर वाचला. एक्झिट फॉर्ममध्ये तिने सगळे लिहितात तेच कारण लिहिलं होतं: 'बेटर ऑपॉर्च्युनिटी'. मी मेसेज केला, म्हटलं, काही त्रास होता का? ती म्हणाली, "त्रास असा नाही दादा. पण अडलं की कुणाला विचारायचं हेच शेवटपर्यंत कळलं नाही."

मी जुने रिव्ह्यू उघडून पाहिले. सतरा एलजीटीएम. त्यातल्या निदान चार ठिकाणी मला सांगण्यासारखं काहीतरी होतं.

लोक टिकतात कशाने?

आधी एक प्रामाणिक गोष्ट. नोकरी सोडण्याचं प्रमाण, म्हणजे ॲट्रिशन, सगळ्यात आधी बाजार ठरवतो. २०२२ मध्ये भरती जोरात होती तेव्हा इन्फोसिसचं बारा महिन्यांचं ॲट्रिशन २८.४ टक्क्यांवर गेलं होतं आणि टीसीएसचं २१.५ टक्क्यांवर. मार्च २०२४ पर्यंत दोघांचंही १२ ते १३ टक्क्यांच्या घरात आलं. त्या मधल्या काळात खुर्च्या बदलल्या नव्हत्या, बाहेरच्या ऑफर्स आटल्या होत्या. त्यामुळे 'आम्ही ऑफिस सुंदर केलं आणि लोक टिकले' असं कुणी सांगितलं तर आधी वर्ष कोणतं ते विचारा.

पण बाजार सारखाच असताना फरक पडतो का? याचं नीट उत्तर देणारा एक प्रयोग आहे. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर तो झाला आणि २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम त्याचे एक लेखक. वाटणी जन्मतारखेवरून केली: विषम तारखेवाल्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम, सम तारखेवाल्यांना पाचही दिवस ऑफिस. सहा महिन्यांत हायब्रिड गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी निघालं. पुढे दोन वर्षांच्या रिव्ह्यूमध्ये आणि प्रमोशनमध्ये फरक दिसला नाही. सगळ्यात जास्त फरक पडला तो मॅनेजर नसलेल्यांना, महिलांना आणि लांबून येणाऱ्यांना. आधी मॅनेजरांना वाटत होतं की प्रॉडक्टिव्हिटी घसरेल. प्रयोगानंतर त्यांचंच मत बदललं.

यात एक बारीक गोष्ट आहे. दिवस ठरलेले होते. सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी सगळेच ऑफिसात. म्हणजे आलात की टीम भेटणार हे नक्की. आपल्याकडच्या बऱ्याच 'महिन्यातून अमुक दिवस या' धोरणांत नेमकं हेच नसतं. मी मंगळवारी, तू गुरुवारी, दोघांची हजेरी पूर्ण, भेट शून्य.

दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, २०१० चा. एक्सेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत कामाला बसवलं. एक खोली एकदम रिकामी. दुसरीत झाडं आणि चित्रं, पण संशोधकांनी मांडलेली. तिसरीत तीच झाडं, तीच चित्रं, पण ती कशी मांडायची हे बसणाऱ्याने ठरवायचं. रिकाम्या खोलीपेक्षा सजवलेल्या खोलीत काम सुमारे १७ टक्के जास्त झालं आणि स्वतः मांडलेल्या खोलीत सुमारे ३२ टक्के. चौथ्या गटाला मात्र आधी मांडू दिलं आणि मग त्यांच्यासमोर ते सगळं बदललं. त्यांचा फायदा नाहीसा झाला.

झाडं तीच होती. बदललं ते एवढंच की ती कुणी ठेवली.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. बीन बॅग, फूसबॉल टेबल, मोफत कॉफी या गोष्टी वाईट नाहीत, पण त्या दुसऱ्याने मांडलेली झाडं आहेत. माणूस टिकतो तो जिथे त्याच्या जागेवर, वेळेवर थोडा तरी त्याचा हक्क चालतो आणि जिथे शेजारी बसणारा त्याला काहीतरी शिकवतो.

आणि हो, ऑफिसचं डिझाइन गेटच्या आत सुरू होत नाही. ते तुमच्या दारापासून सुरू होतं. पावसाळ्यात तुंबलेला हिंजवडीचा रस्ता, शेवटची कंपनी बस, आणि वर्षानुवर्षं जिची वाट पाहायला लागली ती मान-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो, हे सगळं त्या डिझाइनचाच भाग आहे. इमारतीत कितीही सुंदर अंगण असलं, तरी दीड तासाने पोचलेल्या माणसाला अंगणात थांबायचं नसतं. त्याला परतीचा ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत निघायचं असतं.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी

पॅकेज विचारताच ना? मग हेही विचारा. एचआरला विचित्र वाटेल, वाटू द्या.

• माझी ठरलेली सीट असेल की रोज बुक करायची?
• माझी टीम याच शहरात, याच मजल्यावर बसते का?
• सगळी टीम एकत्र येते असे दिवस ठरलेत का?
• पहिले सहा महिने माझ्या शंकांसाठी कोण आहे? एक नाव सांगा.
• इतरांना शिकवलेलं अप्रेझलमध्ये मोजतात का?
• शांत काम करायला आणि कॉल घ्यायला दार असलेल्या किती खोल्या आहेत?

इंटरव्ह्यूला गेलात की दहा मिनिटं आधी पोचा आणि नुसतं बघा. किती जणांच्या कानात हेडफोन आहेत? लोक एकमेकांच्या डेस्कपाशी उभे राहून बोलतायत का? डेस्कवर कुणाचा घरचा कप, गणपती, कुंडी, मुलाचा फोटो दिसतोय का? वेबसाइटवरच्या 'आमचं कल्चर' या पानापेक्षा हे दृश्य जास्त खरं असतं.

आधीच नोकरीत असाल तर धोरण बदलणं आपल्या हातात नसतं. आमच्याही नव्हतं. मग आम्ही सहा जणांनी एक जुगाड केला. दर रविवारी रात्री नऊ वाजता सहाही जण ॲप उघडून चौथ्या मजल्यावरची एकच रांग बुक करतो. बुधवार म्हणजे त्या रांगेचा दिवस. स्टँडअप खुर्च्या वळवून होते. मोठा हेडफोन मी त्या दिवशी घरीच ठेवतो. माझं स्वतःचं कोड बुधवारी कमी होतं, हे मॅनेजरला सांगून ठेवलंय.

मागच्या बुधवारी नवीन आलेल्या मुलाने खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, "हे रिट्राय दोनदा का लिहिलंय? एका ठिकाणी पुरलं नसतं?" तोच जुना एसएमएसचा बग, आता नोटिफिकेशनऐवजी दुसऱ्या सर्व्हिसमध्ये. आम्ही दोघं उठलो आणि जिना चढून सातव्या मजल्यावर त्या टीमकडे गेलो. पंधरा मिनिटांत विषय संपला.

येत्या रविवारी पुन्हा नऊचा अलार्म आहे. एका सीटसाठी एवढा आटापिटा करावा लागू नये, हे खरंच. पण शेजारची सीट कुणाची आहे, हे एकदा कळलं की तो करावासा वाटतो.